रिकाम्या शिरोरेषा

४ सप्टेंबर

आज संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब आले. बाहेरच्या खोलीतील एकुलत्या एका धड खुर्चीवर बसून त्यांनी बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि मग बाबांना विचारले, "दगड तुम्हीच कोराल ना?"

आमच्या मंडळीतील तिघे जण या दोन वर्षांत सीमेवर पडले. त्यांच्या नावांचा काळा दगड चर्चच्या आतल्या भिंतीत बसवायचा आणि नोव्हेंबरात स्मरणाच्या रविवारी त्याचे अनावरण करायचे, असे पंचांनी ठरवले आहे. तिघांपैकी शेवटचा माझा दादा.

बाबा थडग्यांवरची अक्षरे कोरतात. दफनभूमीतील निम्म्याहून अधिक दगड त्यांच्या हातचे असतील. दादाच्या थडग्यावर मात्र अजून दगड नाही. दादाची शवपेटी आली तेव्हा ती उघडू नये असे सांगण्यात आले होते. न पाहिलेल्या माणसाचे नाव कसे कोरू, असे बाबा एकदाच म्हणाले. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

"कोरीन," बाबा म्हणाले.

"आणि मजकूर हिनं लिहावा," पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "प्रत्येक नावाखाली एखादी ओळ. मराठीत पहिली आलेली मुलगी घरात असताना बाहेर कुणाला कशाला विचारायचं?"

मी दाराच्या पडद्याआड उभी होते. मला आनंद झाला, हे येथे नोंदवून ठेवते. दादा गेल्यानंतरचा तो पहिला आनंद होता आणि त्याची मला ताबडतोब लाज वाटली.

११ सप्टेंबर

शब्द सुचत नाहीत असे नाही. शब्द फार सुचतात, हीच अडचण आहे. 'बलिदान' लिहिले आणि खोडले. 'अमर' लिहिले आणि खोडले. जो अमर आहे त्याच्यासाठी दगड कशाला? दादा मला 'शब्दकोश' म्हणत असे. "ए शब्दकोश, जरा मीठ दे," असे तो जेवताना म्हणाला की मी मुद्दाम 'मीठ' या शब्दाचे प्रतिशब्द सांगत बसे आणि त्याची आमटी निवून जाई.

पहिले नाव ट्रकवाल्या काकांच्या मुलाचे. काका म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते लिही, बाळ. आमचं काही म्हणणं नाही." दुसरे नाव शिवणवाल्या वहिनींच्या नवऱ्याचे. वहिनी मशीनवरून मान वर न करता बोलल्या.

"लिही, त्याला चहात साखर कमी लागायची."

मी ते वहीत टिपले.

"आणि ते बलिदान-बिलिदान नको हं. त्यानं दिलं नाही काही. त्याच्याकडून घेतलं."

मशीन पुन्हा सुरू झाले. मी त्यांच्या नवऱ्याच्या नावाखाली लिहिले : 'पहाऱ्यावर असताना पडला.' ट्रकवाल्या काकांच्या मुलाच्या नावाखाली : 'साथीदारांना वाचवताना पडला.' दादाची ओळ अजून कोरी आहे. अधिकाऱ्यांनी आम्हाला सांगितले होते की तो शत्रूच्या हल्ल्यात गेला. हे वाक्य मी अनेकदा लिहून पाहिले. व्याकरणात ते निर्दोष आहे. त्यात दादा मात्र कोठेच नाही.

२० सप्टेंबर

आज जे घडले ते जसेच्या तसे लिहिण्याचा प्रयत्न करते.

दुपारी दारात एक माणूस उभा राहिला, तो चौकटीखालून वाकूनच आत आला. दादाच्या पत्रांतला लंबू तो हाच, हे सांगावे लागले नाही. तो सुटीवर आला होता. आईने त्याला पाण्याचा पेला दिला. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि शेवटपर्यंत तसाच धरून ठेवला.

"काकू," तो म्हणाला, "तुम्हाला जे सांगितलंय ना, तसं नाही झालं."

"मग कसं झालं?" बाबांनी विचारले.

तो खाली बघून बोलत होता. त्यांच्या ठाण्याच्या आणि शत्रूच्या ठाण्याच्या मध्ये खडकाळ उतार आहे. आदल्या दिवशीच्या चकमकीनंतर शत्रूचा एक जखमी शिपाई त्या उतारावर पडून राहिला होता. दिवसभर ओरडत होता.

"भाषा कळत नव्हती आम्हाला. पण आईला हाक मारतोय, हे कळत होतं. त्याच्या बाजूनं कुणी येईना, आमच्या बाजूनं कुणी जाईना. एक जण म्हणाला, एका गोळीत गप्प होईल. तर हा उठला. बनियन काढला, काठीला बांधला. मला म्हणतो, लंबू, तुझी बाटली दे, माझ्यात घोटभरच आहे."

"दिलीस?" आईने विचारले.

"दिली ना, काकू."

दादा बंदूक खाली ठेवून उतारावर गेला. दोन्ही बाजूंनी कोणी गोळी झाडली नाही. त्याने त्या माणसाचे डोके मांडीवर घेतले. मग धुके उतरले. दादाने त्याला पाठीवर घेतले आणि तो परत निघाला.

"धुक्यातून कुणीतरी वर येतंय, एवढंच दिसत होतं," लंबू म्हणाला. "आकार मोठा दिसत होता. एका माणसाचा वाटतच नव्हता. आणि तो बनियन... तो त्यानं त्या माणसाच्या जखमेला बांधला होता, काकू. काठी नव्हती. कुठंच पांढरं काही नव्हतं."

 

"गोळी कुणाची?" बाबांनी विचारले.

"असू दे," आई एकदम म्हणाली. "ते विचारू नका."

मला आईचे नवल वाटले. गोळी शत्रूची, आणखी कोणाची असणार? पण आईला अशा तपशिलांचा पहिल्यापासूनच त्रास होतो. तिने दुसरेच काही विचारले.

"त्या माणसानं पाणी प्यायलं का रे?"

"हो, काकू."

"सगळं?"

"बाटली उलटी करून दाखवली यानं मला. लांबून. हसत होता."

"बरं झालं," आई म्हणाली. मग तिने लंबूच्या हातातून तो भरलेला पेला हळूच काढून घेतला. एवढ्या उन्हातून आलेला माणूस पाण्याला का शिवला नाही, मला कळले नाही. निघताना आई त्याला म्हणाली, "स्मरणाच्या रविवारी ये. नक्की ये. मी वाट बघते."

२१ सप्टेंबर

दादाची ओळ झाली. 'सीमेवर पडला.' त्याखाली दुसरी ओळ : 'तहानलेल्या वैऱ्याला पाणी द्यायला गेला होता.'

या वाक्यात एकही विशेषण नाही, कारण 'तहानलेल्या' हे मी विशेषण मानत नाही, ती परिस्थिती आहे. 'शत्रू'ऐवजी 'वैरी' घेतले, कारण पवित्र शास्त्रात तो शब्द आहे आणि आमच्या मंडळीच्या कानांना तो प्रार्थनेतून ओळखीचा आहे. मित्रांसाठी प्राण देण्याविषयीचे वचन या चर्चमध्ये लहान मुलांनाही पाठ आहे, स्मरणाच्या प्रत्येक उपासनेत ते वाचले जाते. आपण वैरी असतानाच आपल्यासाठी कोणीतरी मेला, हे त्याच शास्त्रात आहे. ते स्मरणाच्या रविवारी वाचल्याचे मला आठवत नाही.

पाळकसाहेबांनी कागद फाटकाशी उभ्या उभ्याच पाहिला. म्हणाले, "वा! अक्षर किती सुंदर!"

बाबांनी मात्र तो बसून वाचला. पुन्हा वाचला. कागद कारखान्यात नेला आणि उडू नये म्हणून त्यावर हातोडी ठेवली.

२८ सप्टेंबर

दुपारी बाबांचा डबा घेऊन कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे दफनभूमीच्या भिंतीला टेकलेली पत्र्याची शेड. आत सगळ्यावर राखाडी भुकटी, बाबांच्या भुवयांवरसुद्धा. लहानपणी दादा म्हणायचा, बाबा घरी येतात तेव्हा आधी त्यांचा पुतळा येतो.

बाबांची रीत अशी. आधी दोरा गेरूत बुडवून दगडावर सूत मारायचे, मग कुंचल्याने अक्षरे रेखायची आणि मग सगळ्या ओळींच्या शिरोरेषा आधी कोरून घ्यायच्या, शब्दाशब्दामध्ये जागा सोडून. अक्षरे त्यानंतर. मी एकदा विचारले होते, असे का? ते म्हणाले, "दांडी पक्की असली की कपडे कसेही वाळत घालता येतात."

आज नावे पूर्ण झाली होती आणि खालच्या सर्व ओळींच्या शिरोरेषा कोरून झाल्या होत्या. सर्वांत खाली माझ्या वाक्याच्या सहा रेघा. पहिली लांब, तिसरी आखूड. बाबांनी माझ्यासमोर त्यांच्यावरची भुकटी फुंकली. माझे वाक्य इतके सुंदर मला कागदावरही दिसले नव्हते.

६ ऑक्टोबर

पंचांची बैठक. मला बोलावले होते म्हणून मी बाबांबरोबर गेले. अध्यक्षांची लाकडाची वखार आहे, त्यामुळे त्यांना सगळे वखारवाले म्हणतात. त्यांनी मजकूर मोठ्याने वाचला. शेवटच्या ओळीनंतर खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली.

"पोरी, भाषा झकास आहे," वखारवाले म्हणाले. "पण हा दगड कुठं लागणार, ठाऊक आहे ना? समोरच्या भिंतीवर. लष्कराचे साहेब येणार. त्यांच्या डोळ्यांसमोर आपण हे लावायचं?"

"घडलंय तसंच आहे ते," बाबा म्हणाले.

"असेल हो. पण मग बाकीच्या दोघांचं काय? त्यांनी वैऱ्याला पाणी पाजलं नाही, म्हणून ते हलके?"

शिवणवाल्या वहिनी भिंतीशी बसल्या होत्या. त्या उठून बोलल्या.

"ज्यांनी माझ्या नवऱ्याला मारलं, त्यांना पाणी पाजणाऱ्याच्या शेजारी त्याचं नाव? माझी मुलगी वाचायला शिकतीये. ती मला विचारेल, आई, हे कोण? काय सांगू मी तिला?"

सर्वांनी पाळकसाहेबांकडे पाहिले. ते स्वतःच्या नखांकडे पाहत होते.

"सत्य आहे ते," ते म्हणाले. "फार मोठं सत्य आहे. पण प्रत्येक सत्य दगडावर मावतंच असं नाही."

त्यांच्या मागच्या भिंतीवर क्रूस होता. त्यावरच्या प्रभूने स्वतःला खिळे ठोकणाऱ्यांसाठीच प्रार्थना केली. ते सत्य लाकडावर कसे मावले, असे मला विचारायचे होते. पूर्ण वाक्य माझ्या डोक्यात तयार होते, विरामचिन्हांसह. मी ते बोलले नाही. घरी येऊन येथे लिहीत आहे. मी नेहमी असेच करते.

"'सीमेवर पडला' एवढं ठेवा," वखारवाले म्हणाले. "नेटकं आहे. पुढचं उडवा."

"वरच्या रेघा कोरून झाल्यात," बाबा म्हणाले.

"मग घासून काढा."

"एक ओळ घासली तर तिथं खळगा पडतो. सपाट करायचं तर सगळा दगड खाली घ्यावा लागेल. नावांसकट."

"मग लांबी-पुट्टी भरून बुजवा. कुणाला कळतंय?"

बाबांनी मजकुराचा कागद उचलून त्याची घडी घातली.

"बरं," ते म्हणाले.

९ ऑक्टोबर

बरं! आयुष्यभर ज्यांची अक्षरे पाहून मी लिहायला शिकले, त्यांनी एका शब्दात दादाला बुजवून टाकायला होकार दिला. वखारवाल्यांचा मला राग नाही. ते जसे आहेत तसे वागले. वहिनींचा राग धरण्याचा मला अधिकार नाही. बाबांचा आहे.

मी डबा नेणे बंद केले आहे. आता आईच नेते.

"बाबांशी बोलत का नाहीस?" तिने आज विचारले.

"ते तरी कुणाशी बोलतात?"

"तुझे बाबा दगडाशी बोलतात," आई म्हणाली. "तू वहीशी. मधल्यामध्ये मीच काय ती वेडी, माणसांशी बोलायला जाते."

एरवी मी हसले असते.

२ नोव्हेंबर

पाळकसाहेबांचा निरोप : रविवारी दगडावरचा मजकूर मोठ्याने वाचायचा, तो मी. 'तुझे उच्चार स्वच्छ आहेत.' नाही म्हणावेसे वाटले. नाही म्हणायलाही आवाज लागतो.

बाबा रोज उशिरापर्यंत कारखान्यात असतात. इतके थोडे शब्द कोरायला इतका वेळ का लागावा? थकले आहेत. आज जेवताना त्यांच्या अंगठ्याला फडके बांधलेले दिसले. छिन्नी निसटली म्हणे. या हातातून छिन्नी निसटल्याचे मला आठवत नाही. मी विचारले नाही.

स्मरणाचा रविवार

चर्च भरले होते. पुढच्या बाकावर लष्कराचे साहेब, त्यांच्याशेजारी वखारवाले. आई माझ्यासाठी जागा धरेल असे वाटले होते, पण ती सर्वांत मागच्या बाकावर लंबूशेजारी जाऊन बसली.

उपदेशात मित्रांसाठी प्राण देण्याचे वचन आले. पाळकसाहेब दादाविषयी म्हणाले, "त्याने शत्रूला मागे रेटले."  मागे रेटले नाही, पाठीवर घेतले.

प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचे तबक मागे गेले. मी वळून पाहिले. लंबूने तबक न घेताच पुढे सरकवले. आईने तिच्या हातातला तुकडा मोडला आणि अर्धा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने मान हलवली. आईने त्याची बोटे स्वतःच्या हाताने मिटली आणि तो हात तसाच धरून ठेवला. तो एवढा मोठा माणूस ओक्साबोक्शी रडू लागला. हे रीतीला धरून होते की नाही, मला ठाऊक नाही. तो का रडला तेही नीटसे कळले नाही. दादा त्याचा मित्र होता, एवढे कारण पुरेसे असावे. आईने माझा हात मात्र कित्येक महिन्यांत असा धरलेला नाही.

मग साहेबांनी पडदा ओढला आणि मी वाचायला उभी राहिले.

पहिले नाव वाचले, त्याखालची ओळ वाचली. दुसरे नाव, दुसरी ओळ. दादाचे नाव. 'सीमेवर पडला.'

त्याखाली सहा रेघा होत्या.

बाबांनी त्या बुजवल्या नव्हत्या. पूर्वी होत्या त्याहून त्या खोल केल्या होत्या, इतक्या खोल की खिडकीतल्या उजेडात प्रत्येकीला स्वतःची सावली होती. कडा घासून काचेसारख्या केल्या होत्या. खाली एकही अक्षर नव्हते. पहिली लांब, तिसरी आखूड. शब्दाशब्दामध्ये सोडलेली जागा जशीच्या तशी. माझे वाक्य तेथे पूर्ण होते.

मी ते वाचायला तोंड उघडले. या चर्चमधले कोणीही मला अडवू शकले नसते. 'तहानलेल्या' हा शब्द जिभेवर होता. आवाज आला नाही. मी उघड्या तोंडाने उभी राहिले. लोकांनी माना खाली घातल्या. साहेबांनी टोपी छातीशी धरली. कोणीतरी हुंदका दिला. मग पेटीवाल्याने गीत सुरू केले आणि मी खाली बसले.

बाहेर पाळकसाहेब म्हणाले, "शेवटी मौन ठेवलंस, फार परिणामकारक झालं. मला सुचलं नसतं."

चहाच्या टेबलाशी वखारवाले बाबांना गाठून म्हणाले, "काम फर्स्टक्लास! रेघांची नक्षी करून खाली जागा सोडलीत, तेही बरं केलंत. तिथं साहेबांचं नाव घालून टाकू. अमुक यांच्या हस्ते अनावरण, वगैरे."

"तिथं मजकूर आहे," बाबा म्हणाले.

"कुठं?"

"आहे तिथं."

वखारवाले हसले. बाबा कप ठेवून निघाले तेव्हा ते शेजारच्या माणसाला हळू आवाजात म्हणाले, "पोर गेल्यापासून जरा असंच झालंय बिचाऱ्याचं."

मी ऐकले. बाबांनीही ऐकले. घरी येताना मी त्यांच्या बाजूने चालत होते. अंगठ्याचे फडके भुकटीने राखाडी झाले होते. "दुखतंय का?" मी विचारले. ते म्हणाले, "आता नाही." एवढेच बोलणे झाले.

सोमवार

दगड बसवण्यासाठी बाबांना दिलेली चर्चची किल्ली परत द्यायला गेले तर दार उघडेच होते आणि आत शिवणवाल्या वहिनी होत्या. एकट्याच. दगडासमोर, कापडाची पिशवी पायाशी ठेवून. मी परत फिरणार होते, पण त्यांनी मला पाहिले.

"ही नक्षी नाही," त्या म्हणाल्या. "शिवणवालीला कळतं. कच्चा धागा घालून ठेवलेला कळतो. ही तुझीच ओळ ना?"

मी मान हलवली.

"वाच."

"वहिनी..."

"काल वाचली नाहीस. आता कुणी नाहीये. वाच."

मी वाचली. आवाज फुटला, चिरका आणि लहान. रिकाम्या चर्चमध्ये सहा शब्द फार लांबपर्यंत गेले. वहिनी रेघांकडे पाहत राहिल्या. मला वाटले आता त्या ओरडतील, किंवा मला जवळ घेतील. वाचलेल्या गोष्टींमध्ये या दोहोंपैकी एक होते.

"प्यायला का तो?" त्यांनी विचारले.

"हो. सगळं."

वहिनींनी पिशवी उचलली. दारापर्यंत गेल्या आणि तेथे थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या,

"माझा दोन दिवस पडून होता. त्याला कुणी दिलं नाही."